हॉलंड आणि जपान : नागासाकीचे दुभाषी

इ. स. १८४४ च्या ऑगस्ट महिन्यांत 'पालेंबांग' नांवाची एक डच युद्धनौका नागासाकीच्या बंदरांत येऊन उभी राहिली. हॉलंडचा राजा दुसरा विल्यम यानें जपानच्या शोगुनास, म्हणजे त्या देशाच्या लष्करी अधिपतीस, लिहिलेलें पत्र तिच्यावर होतें. पत्राचा सूर सलोख्याचा होता. इंग्रजांनीं तोफांच्या बळावर चीनची काय अवस्था केली हें नुकतेंच सर्वांनीं पाहिलें होतें. आगबोटींमुळें समुद्रावरचीं अंतरें आटत चाललीं होतीं. अशा काळीं जो देश एकटा राहूं पाहील त्याच्यावर तसाच प्रसंग ओढवण्याचा संभव आहे. तरी जपाननें आपलें दार वेळींच आपल्या हातानें किलकिलें करावें, असा त्या पत्रांतला सल्ला होता.

उत्तर मिळावयास वर्ष लागलें. शोगुनच्या मंत्र्यांनीं १८४५ त कळविलें कीं, जपानचा संबंध केवळ चार देशांशीं आहे. कोरिया आणि रियूक्यू बेटें यांच्याशीं राजकीय पत्रव्यवहाराचा, आणि चीन व हॉलंड यांच्याशीं निव्वळ व्यापाराचा. राजेसाहेबांच्या सदिच्छेबद्दल आभार. पण पूर्वजांनीं घालून दिलेली मर्यादा मोडतां येत नाहीं, सबब यापुढें असें पत्र पाठवूं नये.

सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ ज्यांची ये-जा होती त्यांना मिळालेलें हें उत्तर! युरोपांतील इतर सर्व राष्ट्रांना जपानची वेस बंद असतां एकट्या डचांना तेथें जागा होती, आणि त्याच डचांना 'तुमचा आमचा राजकीय संबंध नाहीं' असें बजावण्यांत आलें. पण हें उत्तर खोटें नव्हतें. दोन्ही देशांत तह झालेला नव्हता. एकाचा वकील दुसऱ्याच्या दरबारीं नव्हता. होतें तें एक चिमुकलें बेट, वर्षाकाठीं येणारीं एक-दोन जहाजें, आणि मधोमध बसलेले नागासाकीचे दुभाषी. राजकीय संबंध म्हणजे तह, वकिलाती आणि सलामीच्या तोफा, अशी जी सर्वसाधारण समजूत असते तिला हा इतिहास चांगलाच धक्का देतो; कारण तह नसतांना जें टिकलें तें पुढें तह असतांना मोडलें.

मराठी कागदपत्रांत ज्यांना 'वलंदेज' म्हटलें आहे तेच हे डच. वेंगुर्ल्यास सतराव्या शतकांत त्यांची वखार होती, आणि तिचे भग्न अवशेष अद्याप तेथें दिसतात. १६०२ त निघालेल्या त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीचें पूर्वेकडील मुख्य ठाणें पुढें जावा बेटांतील बटाव्हिया, म्हणजे आजचें जाकार्ता, येथें झालें. जपानशीं त्यांची गांठ मात्र कंपनी जन्मास येण्यापूर्वींच पडली, आणि तीही अपघातानें. रॉटरडॅमहून १५९८ त निघालेल्या पांच जहाजांपैकीं 'द लीफ्द' हें एकच जहाज एप्रिल १६०० मध्यें क्यूशू बेटाच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील जीं वीस-पंचवीस माणसें जिवंत उरलीं होतीं त्यांतलीं बहुतेक उभींही राहूं शकत नव्हतीं. जपानांत आधींच जम बसविलेल्या पोर्तुगीज पाद्र्यांनीं 'हे चांचे आहेत, यांना सुळीं द्या' असा आग्रह धरला. पण तोकुगावा इयेयासु हा थोड्याच दिवसांत साऱ्या जपानचा स्वामी होणारा चतुर पुरुष होता. दोन युरोपीय एकमेकांचा इतका द्वेष करतात त्या अर्थीं दोघांनाही जवळ ठेवण्यांत लाभ आहे, हें त्यानें ओळखलें. जहाजाचा इंग्रज सुकाणूदार विल्यम ॲडम्स आणि डच खलाशी यान योस्टेन या दोघांना त्यानें आपल्या पदरीं ठेवून घेतलें. योस्टेनच्या नांवाचा अपभ्रंश तोक्योच्या मध्यवर्ती स्थानकाजवळील 'यायेसु' या पेठेच्या नांवांत अजून ऐकूं येतो.

त्या जहाजाच्या पिछाडीस इरॅस्मस या डच पंडिताचा लांकडी पुतळा होता. तो फिरत फिरत सानो गांवच्या एका बौद्ध मंदिरांत गेला, आणि हा कोणी परदेशी देव असावा अशा समजुतीनें लोक त्याला भजूं लागले. ज्या पंडितानें मूर्तींविषयींच्या भोळ्या भक्तीची आयुष्यभर थट्टा केली त्याच्याच नशिबीं ही पूजा यावी हा मोठा विनोद होय. हल्लीं तो पुतळा तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या स्वाधीन आहे.

१६०९ त कंपनीचीं दोन जहाजें हिरादो बंदरीं आलीं आणि इयेयासुनें डचांना लाल शिक्क्याचा परवाना दिला. जपानच्या कोणत्याही बंदरांत त्यांनीं यावें व व्यापार करावा, अशी मोकळीक त्यांत होती. ती मोकळीक फार दिवस राहिली नाहीं. ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराची धास्ती घेऊन शोगुनांनीं एकेक दार लावून घ्यावयास सुरुवात केली. १६३७-३८ मध्यें शिमाबारा येथें करांनीं गांजलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनीं बंड केलें व हारा किल्ल्याचा आश्रय घेतला. तेव्हां शोगुनच्या सांगण्यावरून डचांनीं आपलें जहाज नेऊन त्या किल्ल्यावर तोफा डागल्या. आंत होते ते पंथानें वेगळे असले तरी ख्रिस्तीच होते. व्यापारासाठीं मनुष्य कोठवर जातो याचा हा नमुना डचांच्या इतिहासांतून पुसतां येण्यासारखा नाहीं. १६३९ त पोर्तुगिजांना हांकलून देण्यांत आलें. दुसऱ्या वर्षीं मकावहून विनवणी करावयास आलेल्या त्यांच्या शिष्टमंडळांतील एकसष्ट जणांचा नागासाकीस शिरच्छेद झाला, आणि हकीकत सांगण्यापुरते तेरा लोक परत धाडले गेले.

डचांचीही कसोटी त्याच वर्षीं लागली. हिरादो येथें त्यांनीं नवी दगडी वखार बांधून तिच्यावर ख्रिस्ती सनाचा आंकडा कोरला होता. तेवढ्यावरून शोगुनच्या अधिकाऱ्यानें सबंध इमारत पाडून टाकण्याचा हुकूम दिला. डचांचा मुख्य फ्रान्स्वा कारों यानें एका शब्दानें हुज्जत न घालतां लगेच पाडावयास माणसें लावलीं. तो 'कां?' म्हणाला असता तर डचांची जपानांतली हकीकत तेथेंच संपली असती. १६४१ त त्यांना नागासाकी येथील देजिमा बेटावर नेऊन ठेवण्यांत आलें.

देजिमा हें मूळचें बेटच नव्हे. पोर्तुगिजांना कोंडून ठेवण्यासाठीं नागासाकीच्या सावकारांनीं समुद्रांत भर घालून तें १६३६ त पुरें केलें होतें. उघडलेल्या पंख्यासारखा आकार, सारें क्षेत्रफळ पावणेचार एकरांच्या आसपास, गांवाकडे जाणारा एकच पूल आणि पुलावर पहारा. त्या सावकारांना डच भाडें भरीत. बायकामुलें आणण्याची बंदी, उघड प्रार्थनेची बंदी, परवानगीवांचून पूल ओलांडण्याची बंदी. ओळखीपाळखी वाढूं नयेत म्हणून डचांचा मुख्य दरवर्षीं बदलावा असा नियम होता. उन्हाळ्याच्या वाऱ्यावर बटाव्हियाहून जहाजें येत तीं बंगालचें रेशीम, कापड, साखर घेऊन, आणि परत जात तीं मुख्यतः जपानी तांबें घेऊन. हें तांबें हिंदुस्थानांत चोलमंडलाच्या किनाऱ्यावर आणि सुरतेच्या पेठेंतही विकलें जाई. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सभोंवतालचा समुद्र बुजवला गेला आणि देजिमा शहरांत बुडून गेलें. अलीकडे तेथील घरें जुन्या नकाशांवरून पुन्हां उभारलीं आहेत, आणि २०१७ त नवा पूलही बांधला आहे. आतां तो कोणालाही ओलांडतां येतो.

नियमित फेरी होती ती येदोची. येदो म्हणजे आजचें तोक्यो. मुख्यानें नजराणे घेऊन वर्षांतून एकदां शोगुनच्या दर्शनास जावें, गुडघ्यांवर रांगत पुढें सरकावें, कपाळ चटईस टेकावें आणि तसेंच मागें यावें. १६९१ व १६९२ या दोन वर्षीं केंप्फर नांवाचा जर्मन वैद्य डचांबरोबर गेला होता. दरबारी मुजरा झाल्यावर शोगुन त्सुनायोशी पडद्याआड बसला आणि पाहुण्यांना कधीं नाचावयास, कधीं गावयास, कधीं दारुड्याचें सोंग आणावयास सांगण्यांत आलें. केंप्फरनें हें सारें स्वतःच लिहून ठेवलें आहे. याला लाचारी म्हणावें कीं धोरण, याबद्दल हॉलंडांतही दोन मतें होतीं. ज्यांच्या हिशेबाच्या वह्या नीट जुळत त्यांना तें धोरण वाटे, एवढें खरें.

आतां या साऱ्या व्यवहारांत जे खरे मध्यस्थ, त्यांच्याकडे वळावयास हवें. नागासाकींत कांहीं ठराविक घराणीं पिढ्यान्‌पिढ्या दुभाष्याचें काम करीत. थोरले दुभाषी, धाकटे दुभाषी, उमेदवार अशा त्यांच्या पायऱ्या होत्या, आणि मुलगा बापाच्या मांडीवर बसून परकी शब्द घोकीत असे. आरंभीं ते डचांशीं पोर्तुगीज भाषेंत बोलत, कारण पूर्वेकडील समुद्रावर तीच सर्वांना थोडीफार येई. डच भाषा त्यांनीं हळूहळू कानांनीं उचलली. ते सरकारचे नोकर होते, म्हणजे भाषांतर करणारेही तेच आणि नजर ठेवणारेही तेच. दर साल जहाज नांगरलें कीं ते मुख्याकडे जात आणि 'जगांत काय घडलें?' असें विचारीत. मुख्य सांगे, दुभाषी तें जपानींत उतरून घेत, खालीं सह्या करीत, आणि तो कागद तांतडीनें येदोस रवाना होई. या कागदांना 'फूसेत्सुगाकी' म्हणजे ऐकीव वार्तांचें टिपण असें नांव होतें. सतराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा क्रम चालला. बाहेरून बंद दिसणाऱ्या जपानला युरोपांतील लढाया, राजांचे मृत्यू आणि राज्यक्रांत्या वर्ष-दोन वर्षांच्या उशीरानें ठाऊक होत होत्या. देजिमाचें खरें भाडें डच या बातम्यांच्या रूपानें भरीत होते असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं.

एका बातमीची हकीकत तर मुंबईकरांनीं अवश्य ऐकावी. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा विवाह पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्याशीं १६६२ त झाला आणि मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळालें, हें शाळकरी मुलालाही ठाऊक असतें. डचांनीं ही लग्नाची वार्ता जपानच्या सरकारास कळविली होती. १६७३ त 'रिटर्न' नांवाचें इंग्रज जहाज नागासाकीस व्यापाराची परवानगी मागावयास आलें तेव्हां दुभाष्यांनीं पहिल्याच कांहीं प्रश्नांत विचारलें : तुमच्या राजानें पोर्तुगालच्या मुलीशीं लग्न केलें आहे काय? इंग्रजांना होय म्हणावें लागलें, आणि पोर्तुगिजांच्या सोयऱ्यांना येथें जागा नाहीं म्हणून त्यांना परत जावें लागलें. ज्या लग्नानें इंग्रजांस मुंबई दिली त्याच लग्नानें जपान नाकारलें.

अर्थात् बातमी सांगणारा कांहीं बातम्या गिळतही असे. नेपोलियनच्या काळांत हॉलंडचें स्वातंत्र्य गेलें. १८१० त तो देश फ्रान्सला जोडला गेला, आणि दुसऱ्याच वर्षीं जावा इंग्रजांच्या हातीं पडलें. म्हणजे ज्या राष्ट्राचें निशाण देजिमावर फडकत होतें तें राष्ट्रच पृथ्वीवर उरलें नव्हतें. त्यावेळीं तेथें हेंड्रिक दूफ नांवाचा मुख्य होता. जहाज येत नाहीं, पगार नाहीं, कपडे विटले, बूट फाटले. जपानी सरकार आणि नागासाकीचे लोक धान्य देत होते म्हणून तो आणि त्याचे सोबती जगले. जाव्याचा इंग्रज गव्हर्नर रॅफल्स यानें १८१३ त जहाजें पाठवून देजिमा ताब्यांत मागितलें. दूफनें स्पष्ट नकार दिला. त्याच्या हातांत एक हुकमाचें पान होतें : १८०८ त 'फेटन' नांवाची इंग्रज युद्धनौका डच निशाण लावून फसवणुकीनें बंदरांत शिरली होती, तिनें दोन डचांना पकडून अन्नपाणी उकळलें होतें, आणि त्या नामुष्कीपायीं नागासाकीच्या सुभेदारानें पोट चिरून घेतलें होतें. 'तुम्ही इंग्रज आहांत हें मी जपान्यांना सांगूं काय?' एवढा गर्भित प्रश्न पुरेसा होता. दुभाष्यांना खरी स्थिति किती उमगली आणि त्यांनीं किती झांकली, हा प्रश्न गमतीचा आहे. कारण डचांची वखार बुडाली असती तर त्यांचाही वंशपरंपरेचा धंदा बुडाला असता. त्या रिकाम्या वर्षांत दूफ स्वस्थ बसला नाहीं. दुभाष्यांना हाताशीं घेऊन त्यानें डच-जपानी शब्दकोशाचें काम सुरू केलें. त्याच्या हस्तलिखित प्रती पुढें विद्यार्थ्यांनीं रात्र रात्र जागून उतरून घेतल्या.

शब्दकोशाची एवढी भूक कोठून आली? त्याचें मूळ १७७१ च्या वसंत ऋतूंतील एका दिवसांत आहे. येदोबाहेर कोझुकाप्पारा येथें देहान्त शासन झालेल्या एका स्त्रीच्या शवाचें विच्छेदन होतें, आणि तें पाहावयास सुगिता गेनपाकु व माएनो र्‍योताकु हे दोन वैद्य गेले होते. योगायोग असा कीं, दोघांच्याही हातांत कुल्मुस या जर्मन वैद्याच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकाची डच प्रत होती. पुढ्यांतलें शव आणि हातांतलीं चित्रें ताडून पाहतां तीं तंतोतंत जुळलीं. परंपरेनें चालत आलेल्या चिनी ग्रंथांतलीं जुळेनात. परतीच्या वाटेवर त्यांनीं तें पुस्तक जपानींत आणण्याचा निश्चय केला. सुगिताला डच अक्षरेंही येत नव्हतीं. माएनोजवळ नागासाकीच्या दुभाष्यांकडून मिळविलेले कांहींशे शब्द, एवढीच शिदोरी. म्हातारपणीं लिहिलेल्या आठवणींत सुगिता सांगतो कीं, नाकाच्या वर्णनांतील एकाच शब्दाशीं ते झुंजत बसले, आणि अखेर 'उंच उठलेलें' असा अर्थ सांपडला तेव्हां रत्न हातीं लागल्यासारखा आनंद झाला. १७७४ त तें भाषांतर पांच भागांत प्रसिद्ध झालें. त्याला प्रस्तावना होती ती एका नागासाकीच्या दुभाष्याची. मज्जातंतूंना जपानींत शब्दच नव्हता. या मंडळींनीं तो घडविला, आणि तोच 'शिन्केइ' हा शब्द आज तेथील प्रत्येक वैद्याच्या तोंडीं आहे. येथून पुढें 'रांगाकु' म्हणजे डच विद्या हें एक मोठें क्षेत्र बनलें : वैद्यक, ज्योतिष, नकाशे, तोफा, सारें कांहीं त्या एका भाषेच्या खिडकींतून.

'साकोकु', म्हणजे साखळबंद देश, हा शब्द आज जपानच्या त्या युगाला सर्वत्र लावला जातो. तो कोणा शोगुनाच्या फर्मानांतला नाहीं. शिझुकि तादाओ नांवाच्या नागासाकीच्या एका निवृत्त दुभाष्यानें १८०१ त केंप्फरच्या निबंधाचें डचवरून भाषांतर करतांना तो बनविला. आपल्या देशाचें दार बंद आहे हें सांगणारा शब्दसुद्धां त्या उघड्या फटींतूनच आंत आला!

१८४४ चा सल्ला फेटाळला गेला आणि पुढें जें व्हावयाचें तें झालें. अमेरिकेचें आरमार निघालें आहे ही सूचनाही डचांनींच १८५२ त दिली. येदोनें ती वाचून बाजूस ठेवली. जुलै १८५३ मध्यें कमोडोर पेरी चार जहाजें घेऊन येदोच्या उपसागरांत शिरला. त्याच्या जहाजाजवळ नाव घेऊन गेलेल्या होरि तात्सुनोसुके या दुभाष्यानें इंग्रजींत ओरडून सांगितलें तें एवढेंच कीं, 'मला डच बोलतां येतें.' पेरीजवळही डच जाणणारा माणूस होता. अमेरिका आणि जपान यांच्यामधील बोलणें त्या भाषेंतून चाललें, आणि १८५४ च्या कराराची एक प्रत डच भाषेंतही होती. म्हणजे दुसऱ्याच्या तहासाठीं देजिमाची भाषा कामास आली. खुद्द डचांशीं रीतसर तह झाला तो त्यानंतर, जानेवारी १८५६ मध्यें.

पुढचीं कांहीं वर्षें डचांच्या भरभराटीचीं दिसतात, पण तीं निरोपाचीं होतीं. १८५५ त हॉलंडच्या राजानें एक आगबोट भेट दिली आणि नागासाकीस आरमारी शाळा निघाली. तेथें शिकलेल्या तरुणांनीं १८६० त डच बांधणीची 'कान्रिन् मारू' ही नौका प्रशांत महासागरापार अमेरिकेपर्यंत नेली. पोंपे नांवाच्या डच डॉक्टरानें नागासाकीस पद्धतशीर वैद्यकशिक्षण सुरू केलें. पण फुकुझावा युकिची हा पुढें नांवारूपास आलेला तरुण १८५९ त नव्यानें उघडलेल्या योकोहामा बंदरांत गेला, तेव्हां वर्षानुवर्षें घोकलेलें डच कोणालाच कळेना आणि दुकानांवरच्या पाट्या त्याला वाचतां येईनात. खिन्न मनानें परत येऊन दुसऱ्याच दिवशीं त्यानें इंग्रजी शिकण्याचा निश्चय केला. जें त्याचें झालें तेंच देशाचें. त्यानंतर जपाननें डचांकडून मुख्यतः नद्यांचे बांध बांधणारे इंजिनियर घेतले. त्यांतला योहानिस द रैके १८७३ पासून सुमारें तीस वर्षें तेथें राहिला, आणि किसो नदीच्या खोऱ्यांत त्याचें नांव अजून आदरानें घेतलें जातें.

यानंतरचें प्रकरण कटु आहे. ८ डिसेंबर १९४१ रोजीं डच सरकारनें जपानशीं युद्ध पुकारलें. मार्च १९४२ मध्यें जावा पडलें. तेथील सुमारें एक लाख डच नागरिक, बायकामुलांसह, कुंपणाआड गेले. शिवाय चाळीस हजारांच्या आसपास सैनिक युद्धकैदी झाले. उपासमार, रोग आणि सक्तीची मजुरी यांनीं हजारों मेले. कांहीं कैद्यांना थेट जपानांत नेऊन जहाजांच्या गोद्यांत आणि खाणींत राबविलें. नागासाकी शहरांतच अशी एक छावणी होती आणि तींतले बहुसंख्य कैदी डच होते. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं शहरावर अणुबाँब पडला तेव्हां त्यांतलेही कांहीं प्राणांस मुकले. देजिमा तेथून कांहीं मैलांच्याच अंतरावर होतें.

१९५१ त सॅन फ्रान्सिस्को येथें शांततेचा तह झाला. डच परराष्ट्रमंत्री स्टिकर आणि जपानचे पंतप्रधान योशिदा यांच्यांत त्यावेळीं झालेल्या पत्रव्यवहारावरून १९५६ त करार होऊन जपाननें नागरी कैद्यांसाठीं एक कोटी डॉलर दिले. प्रत्येकाच्या वांट्यास त्यांतून जें आलें तें फारच थोडें होतें. कागदावर प्रश्न मिटला; लोकांच्या मनांतून तो मिटला नाहीं. १९७१ त सम्राट हिरोहितो हॉलंडांत आले असतां हेगच्या रस्त्यावर त्यांच्या मोटारीच्या कांचेवर कोणी थर्मास फेकला. १९९१ त राणी बिआट्रिक्स जपानला गेल्या आणि मेजवानीच्या भाषणांत त्यांनीं छावण्यांतील यातनांचा उल्लेख टाळला नाहीं. यजमानाच्या घरीं असें बोलणें धीटपणाचें होतें. तेंच योग्यही होतें. २००० सालीं, 'द लीफ्द' जहाजाला चारशें वर्षें झालीं तेव्हां, सम्राट आकिहितो यांनीं ॲम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय स्मारकापुढें फुलांचें चक्र ठेवलें आणि ते बराच वेळ मान खालीं घालून स्तब्ध उभे राहिले.

छावण्यांतून लहानपणीं वांचलेल्या माणसांनीं १९९४ पासून हेगच्या जपानी वकिलातीपुढें महिन्यांतून एकदां जमण्याचा प्रघात पाडला होता. तीं थोडा वेळ फलक घेऊन उभीं राहत आणि जपानच्या पंतप्रधानांच्या नांवें लिहिलेलें एक पत्र आंत नेऊन देत. पुढच्या महिन्यांत तीं पुन्हां येत, आणि पुन्हां नवें पत्र देत.